यंत्राने लावलेला दिवा

कवठे महांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यात कमी खर्चात, घरच्या घरी ‘स्मार्ट’ घर उभारताना पहिला मान पाण्याच्या मोटारीचा: टाकी भरताच ती बंद करणारा फ्लोट स्विच, मग ईएसपी८२६६ हा छोटा वाय-फाय बोर्ड आणि त्याच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा रिले. तोच बोर्ड तिन्हीसांजेला देवघरातला विजेचा दिवाही लावू शकतो. मग ती पूजा कोणाची? यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनानुसार यज्ञातली कर्मे ऋत्विज म्हणजे पुरोहित करतात, तरी फळ यज्ञ करवणाऱ्या यजमानाला. कारण संकल्प आणि द्रव्यत्याग त्याचे. पण ऋत्विजाला आपण काय करतो हे कळते, रिलेला नाही. शिवाय इथे संकल्प एकदाच होतो, वेळ लावून देताना. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, पाणीही पुरते, मात्र भक्तीने वाहिलेले. म्हणून मोटार खुशाल यंत्रावर सोडावी. सांजवात घरातल्या कोणीतरी हातानेच लावावी.