विचारून केलेला उपकार

दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हे वारकऱ्याला कुणी नव्याने शिकवायला नको. अडचण पुढेच आहे. ज्याच्यावर उपकार करायचा, त्याला विचारायचे की नाही? औषध चांगले, देणाऱ्याचा हेतू चांगला, रोग जीवघेणा. तरी समोरचा माणूस हात मागे घेतो. अशा वेळी धर्म कोणता?

आमच्या भागात हा प्रश्न पोथीतला नाही. कुंभार पिंपळगावच्या परिसरातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून थांबता येत नाही. मग पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत संसार, आणि सोबत तान्ही लेकरे. बाळाचे डोस असतात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे. पुढे नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. यांतले डोस नेमके कोपीतल्या दिवसांत येतात. यादीतले नाव गावात राहते आणि लेकरू दुसऱ्याच जिल्ह्यात असते.

त्यातून मनाची जखम वेगळी. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशये कमी वयात काढली गेली, आणि 2019 मध्ये शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. अशी बाई सुई घेऊन आलेल्या सिस्टरकडे संशयाने पाहते, तेव्हा तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण तिचा संशय अज्ञानातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. लढाईतून, दंगलीतून जीव घेऊन पळालेल्या निर्वासितांचेही असेच. गणवेश, रांग, नावाची विचारपूस, दंड धरणारा अनोळखी हात, याच गोष्टींनी कधीकाळी त्यांचा छळ झालेला असतो.

यावर पूर्वपक्ष असा की, रोग विचारून येत नाही, मग लस तरी विचारून का द्यावी? एकाच्या नकाराचे भोग दहा लेकरांनी का भोगावेत? हा पक्ष हलका नाही. 1971 मध्ये आजच्या बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत देवीचा रोग शिरला आणि तो वेळीच ओळखला गेला नाही. 1972 च्या आरंभी माणसे मायदेशी परतली, तेव्हा रोगही सोबत गेला. जिथून देवी हटली होती तिथे पुन्हा साथ पसरली. तेव्हा दुखावलेल्या माणसांना त्रास नको म्हणून लसीशिवाय सोडून देणे, ही दया नव्हे.

मग जबरदस्ती करावी काय? तीही आपल्या महाराष्ट्राने करून पाहिली आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला आणि रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. देवघरापर्यंत बूट गेले, परक्या पुरुषांनी बायांची तपासणी केली, सामान जाळले, रोग्यांना उचलून नेले. साथ आवरायची, हाच हेतू होता. परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले. शेवटी 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याचा दवाखाना गावाबाहेर मोकळ्या माळावर. मुंढव्याचे एक प्लेगचे पोर बाईंनी आपल्या पाठीवर घेऊन तिथवर आणले. पोर जगले, बाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. शिपाई रोग्याला घराबाहेर काढत होता आणि सावित्रीबाईही. काम एकच होते, पण शिपायापासून लोक पोरे लपवत होते आणि बाईंच्या पाठीवर पोर देत होते.

मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, ती त्या वर्षी 10 जानेवारीला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आगाखान यांनीही आपली माणसे बिचकत होती म्हणून सर्वांसमक्ष लस घेतली. आधी आपला दंड, मग दुसऱ्याचा.

आता सिद्धांत. आपला देव भक्ताच्या भेटीला आला, तेव्हा पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे केली. साक्षात परब्रह्म दारी आले होते, द्यायला आले होते. तरी उंबरा ओलांडून आत शिरले नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की देव रागावून परतही गेला नाही, तो विटेवर उभा राहिला. लस देणाऱ्याने हे दोन्ही करावे: आत घुसू नये आणि निघूनही जाऊ नये. आज नाही म्हणाली, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.

जाताना काय करावे? आधी बसावे, तिचे ऐकावे. ताप येईल, दंड दुखेल, हे न लपवता सांगावे. लेकरू आईच्याच मांडीवर असू द्यावे. 'थांबा' म्हटले की थांबावे. मुकादमाच्या धाकाने किंवा धान्य अडवून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. आणि तान्ह्या बाळाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या आईला एकदा नव्हे, दहादा समजवावे. तिची भीती खरी आहे, तसा गोवरही खरा आहे, आणि तो भित्र्या आईचे लेकरू म्हणून सोडत नाही.

मी आयुष्यभर कीर्तन केले. श्रोत्याला खांबाला बांधून कथा ऐकवता येत नाही, हे प्रत्येक कीर्तनकार जाणतो. तो उठून गेला तर उद्या पुन्हा टाळ वाजवायचा, एवढेच हाती असते.

यंदा टोळ्या निघण्याआधी आपल्या गावातल्या माळकऱ्यांनी एवढे करावे. ज्या घरात लेकरू आहे तिथे आशाताईंसोबत जावे, लसीचे कार्ड कपड्यांच्या बोचक्यात नीट ठेवले का ते पाहावे. कोणत्याही गावच्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस फुकट मिळतो, आणि एखादा चुकला तरी पुढून चालू करता येतो, हे सांगावे. आणि आपल्या शिवारात परगावची टोळी उतरली, तर तिच्या कोपीवरही एक फेरी मारावी. रामकृष्ण हरि.