न्यायाचे आडनाव

१३६२ साली जिनोआतल्या काही व्यापाऱ्यांनी आपापली जुनी आडनावे बाजूला ठेवली आणि एकच नवे आडनाव घेतले : जुस्तिनियानी. हे लोक एकमेकांचे भाऊबंद नव्हते. एजियन समुद्रातले किऑस हे ग्रीक बेट त्यांच्या कंपनीकडे होते आणि त्या कंपनीतले भाग त्यांच्या नावावर होते, एवढेच त्यांचे नाते. 'माओना' म्हणत त्या कंपनीला. भाग हाती आला की माणूस घराण्यात आला. या घराण्याने १५६६ पर्यंत किऑसवर राज्य केले. त्याच्या आडनावाच्या मुळाशी 'न्यायी' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

हे वाचताना मुंबईतले नायगाव आठवावे, यात नवल नाही. नायगाव म्हणजे न्यायग्राम, बिंबराजाची न्यायसभा इथे भरत असे, ही आख्यायिका मुंबईच्या जुन्या इतिहासलेखकांनी नोंदवून ठेवली आहे. ती खरी की मागाहून चिकटवलेली, या वादात मी शिरत नाही. भोईवाड्याचे कोर्ट जवळच आहे, तेव्हा नाव अगदीच वाया गेलेले नाही असे कोणी गमतीने म्हणेल. मला कुतूहल आहे ते वेगळेच. नायगावही एका बेटावर आहे. ते बेटही एका कंपनीने चालवले. आणि दोन्हीकडे न्याय हा शब्द पाटीवर मिरवत राहिला. व्यापारी जेव्हा राज्य करतो, तेव्हा त्या शब्दाचे नेमके काय होते?

माझे म्हणणे थोडक्यात असे. व्यापाऱ्याच्या राज्यात न्याय म्हणजे वाटणी. ही वाटणी बहुधा चोख असते, राजेरजवाड्यांच्या लहरीपेक्षा कितीतरी चोख. वाढप्या कुणाच्या पानात कमीजास्त करत नाही. पण पाने मांडतानाच ठरून गेलेले असते की पंगतीला कोण बसणार. अन्याय शोधायचा तर वाढप्याच्या हाताकडे बघून उपयोग नाही. पाने मोजावी लागतात.

आधी ही बेटे व्यापाऱ्यांच्या हाती कशी गेली ते पाहू. १३४६ मध्ये जिनोआला आरमार हवे होते आणि तिजोरीत खडखडाट होता. खासगी मालकांनी स्वतःच्या खर्चाने २९ युद्धनौका उभ्या केल्या. सिमोने विन्योसोच्या हाताखाली त्या निघाल्या आणि किऑस जिंकून परतल्या. जहाजमालकांचे देणे निघाले २ लाख ३ हजार लिरा. ते फेडायला पैसा नाही, म्हणून १३४७ च्या फेब्रुवारीत करार झाला : बेटाचे स्वामित्व जिनोआचे, कारभार आणि उत्पन्न जहाजमालकांचे, २० वर्षांत रक्कम फेडून जिनोआने बेट सोडवून घ्यावे. आपल्या भाषेत हे गहाणखत. बेट गहाण पडले आणि ते कधी सुटले नाही.

मुंबईची कथा याहून स्वस्तातली. १६६१ च्या लग्नकरारात हे बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले आणि १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुकने ते प्रत्यक्ष ताब्यात घेतले. राजाला लवकरच कळले की उत्पन्नापेक्षा खर्च जास्त आहे. मार्च १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, सोन्यात द्यायच्या सालीना १० पौंड भाड्यावर. किऑसवर राज्यकर्त्याचे कर्ज फिटत नव्हते, इथे राज्यकर्त्याला खर्च झेपत नव्हता. कागद निराळे, पण दोन्हीकडे बेट म्हणजे हिशेबवहीतली एक ओळ झाली.

ती ओळ कशी वाढवायची हे जुस्तिनियानींना उत्तम ठाऊक होते. किऑसच्या दक्षिण भागात एका झुडपाचा चीक मिळतो. काष्ठौषधींच्या दुकानात आपण ज्याला रुमी मस्तकी म्हणतो तो हाच. साऱ्या भूमध्य समुद्राला तो हवा होता आणि मिळत होता फक्त तिथे. माओनाने त्याचा मक्ता पक्का केला. मस्तकीची गावे अशी बांधली गेली की बाहेरच्या घरांच्या भिंती हीच गावाची तटबंदी. ही तटबंदी चाच्यांना बाहेर ठेवी आणि मालाला आत. मेस्ता आणि पिर्गी या गावांतल्या गल्ल्या आजही तशाच अरुंद आहेत. शेतकऱ्याने ठरलेला माल ठरलेल्या भावाने कंपनीला द्यायचा. चोरून विकला तर वजनाच्या चढत्या क्रमाने शिक्षा, नाक-कान कापण्यापासून फासापर्यंत. या सगळ्यात बेबंद असे काही नव्हते. दरपत्रक होते, शिक्षांचे कोष्टक होते, जिनोआच्या नावाने न्याय देणारा पोदेस्ता होता. १३४६ च्या शरणागतीच्या तहात ग्रीक सरदारांचे हक्कही लिहिलेले होते. फक्त चीक गोळा करणाऱ्याचे नाव भागधारकांच्या यादीत नव्हते. २२० वर्षांत ते आले नाही.

मुंबईत कंपनीचा गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर याने काय केले? १६७२ मध्ये त्याने इथल्या जमीनधारकांशी करार केला. त्यांनी दरसाल २० हजार झेराफिन नाणी द्यावीत, कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावू नये. त्याच वर्षी इंग्रजी कायद्याने चालणारे न्यायालयही उघडले. ऑंजियरचे कौतुक होते ते योग्यच आहे. बेटावर माणसे यावीत, व्यापार वाढावा, तर मालमत्तेला शाश्वती हवी, हे त्याला समजले होते. पण करार जमिनीच्या धन्यांशी होता. ताडी काढणारा भंडारी, मिठागरातला आगरी, भातखाचरातला कुणबी त्यात पक्षकार नव्हते. पोर्तुगीज 'फाझेंदा'वरून आलेला फझनदार, म्हणजे जमिनीचा धनी, हा शब्द मुंबईच्या जमिनींच्या कागदांत शतकानुशतके टिकला. पोर्तुगीज गेले, कंपनी गेली, राणी गेली. फझनदार राहिला.

व्यापारी राज्याची ही एक खूण आहे. राजाचे राज्य गेले की लोकांना कळते, झेंडा उतरतो. व्यापाऱ्याचे राज्य भाडेपट्ट्यात मुरलेले असते, त्याला उतरवायचा झेंडाच नसतो. त्याच्यावर उठाव करणेही अवघड. मुंबईत असा एक उठाव झाला. कंपनीने काटकसर म्हणून शिबंदीच्या पगाराला कात्री लावली, तेव्हा डिसेंबर १६८३ मध्ये शिबंदीचाच कप्तान रिचर्ड केग्विन याने कंपनीचा अंमल झुगारून बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले. वर्ष होण्याआधीच राजाच्या हुकमाने ते कंपनीला परत गेले. दाद मागायची ती राजाकडे, आणि राजाने तर आधीच करार करून ठेवलेला.

किऑसहून नायगावात यायला आणखी एक वाट आहे, तुरटीची. माओनाच्या आधी किऑसवर जिनोआच्याच झाकारिया घराण्याचा अंमल होता. बेनेदेत्तो झाकारियाने १३०४ मध्ये बेट घेतले. त्याची खरी संपत्ती समोरच्या किनाऱ्यावरच्या फोकाएच्या तुरटीच्या खाणींत होती. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागते, म्हणून युरोपातले रंगारी तिच्यावर अवलंबून. नायगावच्या डोक्यावर ज्या गिरणीचा भोंगा वाजे, तिच्या कंपनीचा आरंभही रंगाऱ्याच्याच धंद्यात झाला. १८७९ मध्ये नौरोसजी वाडियांनी सूत रंगवण्याचे छोटे काम सुरू केले, त्यातून बॉम्बे डाइंग उभी राहिली. तिची स्प्रिंग मिल नायगावात होती. वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी १७३६ मध्ये जहाजे बांधायला सुरतेहून मुंबईत आले. पुढे १८०८ मध्ये याच घराण्यातल्या होरमसजी बमनजींना अपोलो गेटजवळच्या जागेच्या बदल्यात कुर्ला आणि आसपासची गावे मिळाली. बेटावरची गावे व्यापारी घराण्याकडे जाणे ही आपल्याकडेही काही परदेशी गोष्ट नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हाकेच्या अंतरावर परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासून आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून उभे आहे. गिरणगावातली निम्मी माणसे तिथे जन्मली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. व्यापाऱ्याने शहर घडवले, इस्पितळे बांधली, त्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? मला हे दान खरे वाटते आणि मोठेही वाटते. पण दान आणि हिस्सा यांत भेद आहे. दानात देणाऱ्याचे नाव दारावर कोरले जाते. हिश्श्यात घेणाऱ्याचे नाव दस्तात लिहिले जाते. मुंबईच्या शेठांनी दानात हात आखडला नाही. हिश्श्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र व्याख्यांचा कीस पडला.

तो कसा पडला हे नायगावने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा कधी पहिल्यासारखे उभे राहिले नाही. उरल्या त्या ५८ गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांची सरळ तिहेरी वाटणी सांगितली : एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी मोकळी होईल ती मालकाची. तीन वाटे कायम राहिले, वाटायची भाकरीच लहान झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली. त्या खटल्याच्या नावातच बॉम्बे डाइंग आहे. निकाल कायद्याला धरून होता आणि वाटणीही नियमाला धरून झाली. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ तेवढा बदलला होता.

स्प्रिंग मिलच्या जागेवर आता मनोरे उभे आहेत. प्रकल्पाचे नाव आयलंड सिटी सेंटर. मार्च २०२० मध्ये तीन गिरण्यांच्या जमिनींवरच्या ३,८९४ घरांची सोडत निघाली, त्यात स्प्रिंग मिलही होती. अर्ज होते दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे. ज्याला घर लागले त्याचा आनंद मोठा, यात शंका नाही. पण हिश्श्याची सोडत निघते तेव्हा समजावे की तो हिस्सा राहिलेला नाही, नशीब झाले आहे.

म्हणून मला नायगावच्या बीडीडी चाळींकडे पाहणे महत्त्वाचे वाटते. गव्हर्नर जॉर्ज लॉइडने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट काढले. पैसा उभा राहिला कापसाच्या दर गासडीमागे १ रुपया कर बसवून. नायगावात ४२ चाळी झाल्या, खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षे तिथली माणसे भाडेकरू होती. आता पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळायचे आहे. टोलेजंग इमारतीचा देखभालखर्च झेपेल का, शेजार टिकेल का, हे प्रश्न खरे आहेत. तरीही चीक गोळा करणाऱ्यापासून सूत रंगवणाऱ्यापर्यंत ज्याला कुठल्याच वहीत ओळ नव्हती, त्याचे नाव दस्तात येणे ही बेटाच्या इतिहासात लहान गोष्ट नाही.

फक्त ती कुठल्या शब्दावर अडते ते पाहावे. पुनर्विकासाच्या कागदांत त्यासाठी एक जुना मराठी शब्द आहे : पात्र. कोण पात्र, कोण अपात्र, याची यादी आधी निघते. चावीवाटप, फोटो, भाषणे हे सगळे तिच्या नंतरचे. आपण बहुधा समारंभ पाहायला जातो. न्याय मात्र यादी लागते त्या भिंतीपाशी होऊन गेलेला असतो, आणि न्यायगावच्या माणसाने उभे राहायचे ते तिथे, व्याख्येचा एकेक शब्द मोठ्याने वाचत.