जुनं नाव, नवं नाव

गेल्या वर्षी मी ऑफिसातल्या असेम्ब्लरमधून सूचनेचं एक जुनं नाव काढून टाकलं. एक ओळ डिलीट केली, बस. ती ओळ अजून डोक्यातून जात नाही.

असेम्ब्लर म्हणजे आपण लिहिलेल्या सूचनांच्या नावांचे आकडे करून प्रोसेसरला देणारा प्रोग्राम. आमचं काम रिस्क-फाइव्हवर. त्यात ‘एफएमव्ही.एक्स.एस’ अशी एक सूचना होती. दशांश संख्यांच्या रजिस्टरमधले ३२ बिट उचलून साध्या रजिस्टरमध्ये जसेच्या तसे ठेवायचे, एवढंच तिचं काम. पण शेवटचा ‘एस’ म्हणजे सिंगल प्रिसिजन. नवख्याला वाटतं, संख्येचं रूपांतर होतंय. होत नाही. आत १.५ असेल तर बाहेर १०६९५४७५२० दिसतं आणि अख्खी दुपार वाया जाते. माझी गेली आहे. २०१७ च्या स्पेसिफिकेशनमध्ये त्या ‘एस’चा ‘डब्ल्यू’ झाला, म्हणजे वर्ड, नुसते ३२ बिट. काम तेच. जुनं नावही टूल्समध्ये चालत राहील, असंही तिथे लिहिलं होतं.

हे शेवटचं मला पटलं नव्हतं. नाव फसवतं हे कळल्यावरही ते चालू द्यायचं, म्हणजे आपणही फसवणुकीत सामील नाही का?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टीममधल्या सरांची बिल्ड पडली. निवृत्तीला आलेला माणूस. चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, ७८ हेक्स म्हणजे काय?”

डिप्लोमाला ८०८५ चं किट बडवलेलं. “एमओव्ही ए, बी.”

“झेड-८० वाल्याला विचार. तो एलडी ए, बी म्हणेल.”

खरंच आहे. १९७६ च्या झेड-८० मध्ये झिलॉगने इंटेलच्या ८०८० चे आकडे चालू ठेवले, नावं मात्र आपली घातली.

“सर, ती दोन्ही नावं प्रामाणिक आहेत. एस दिशाभूल करतो.”

“तुझी करतो. मी पहिल्या दिवसापासून तेच लिहितोय, माझी कधी झाली नाही. नव्यांना नवं शिकव की. माझ्या फाइलला शिक्षा कशाला?”

मला तेव्हा कळलं की मी वाद चुकीच्या जागी घालत होतो. प्रोसेसरपर्यंत नाव पोचतच नाही, त्याला फक्त आकडा मिळतो. म्हणजे खरं-खोटं काय ते माणसामाणसांत. उद्या फाइल उघडणाऱ्या पोरीची दुपार वाचवायची, की काल ती लिहिलेल्या माणसाचा शब्द पाळायचा? साफसफाई म्हणताना मी फक्त त्या पोरीचा विचार केला होता. खरं सांगायचं तर माझाच.

जुनं नाव परत घातलं. लिहिताना दोन्ही चालतात. पण आकड्यांवरून परत नावं छापणाऱ्या डिसअसेम्ब्लरला एकच नाव निवडावं लागतं, कारण आधी काय लिहिलं होतं ते आकड्यात उरत नाही. तिथे मी नवं ठेवलं.

सरांनी एकदा आपलाच कोड त्यातून काढून पाहिला. स्क्रीनकडे बघत हसले. “हे मी नाही रे लिहिलेलं.”

मी काही बोललो नाही. डिसअसेम्ब्लर अजून तसाच आहे.