उंबरठ्यावरची यादी

अमरावती-अकोल्याकडे इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरापोरींच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन बिऱ्हाडं नांदत असतात. एक विंडोज, दुसरं लिनक्स, बहुतेक वेळा उबंटू. विंडोज गेमसाठी, प्रोजेक्टच्या रिपोर्टसाठी, घरच्यांचे फॉर्म भरून देण्यासाठी. उबंटू प्रॅक्टिकलसाठी. डिस्कचे दोन भाग करायचे आणि मशीन चालू करताना जी यादी समोर येते, तिच्यात बाणाची कळ वर-खाली करून आज कोणाला उठवायचं ते ठरवायचं. याला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच जागं असतं, दुसरं आपल्या खोलीत निजलेलं असतं.

आणि एखाद्या सकाळी त्यातलं एक उठतच नाही. यादी येत नाही, मशीन सरळ दुसऱ्यातच शिरतं. किंवा काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात आणि मशीन आपोआप बंद पडतं. रिपेअरिंगच्या दुकानात नेलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं : “फॉरमॅट मारा लागते भाऊ.”

वरवर पाहिलं तर हा कारागिराचा विषय आहे. पण जरा थांबलं, तर त्यात दोन प्रश्न दिसतात, आणि ते फक्त लॅपटॉपपुरते नाहीत. जो उठत नाही, तो गेला असं कोणी आणि कशावरून ठरवायचं? आणि एका घरात दोघं राहत असतील, तर दारावर बसलेल्याला ‘सुरक्षेसाठी’ म्हणून एकाचा रस्ता बंद करण्याचा अधिकार कितपत आहे?

आधी यंत्राचं समजून घेऊ. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी ना विंडोज जागं होतं, ना लिनक्स. मदरबोर्डवर यूईएफआय नावाची एक छोटी प्रणाली असते, ती आधी जागी होते. तिच्याकडे एक यादी असते : कोणाला उठवायचं आणि कोणत्या क्रमाने. डिस्कच्या एका लहानशा भागात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचं एक फोल्डर असतं, आणि त्यात तिला जागं करणारी फाइल. लिनक्सकडे हे काम बहुधा ‘ग्रब’ करतो. आपल्याला निवड करायला दिसते ती यादी या ग्रबचीच.

आता बिघाड कुठे होतो? पुष्कळदा या याद्यांमध्येच. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर क्रम बदलतो आणि ग्रबच्या आधी विंडोजचं नाव लागतं. ग्रबला वाटच मिळत नाही, म्हणून यादी दिसत नाही. अशा वेळी मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबावी (कंपनीनुसार ती वेगळी असते) आणि हाताने उबंटू निवडावं. ते निमूट उठलं, तर फक्त क्रम चुकलेला आहे. कधी एक सिस्टिम नव्या यूईएफआय पद्धतीने टाकलेली असते आणि दुसरी जुन्या लेगसी पद्धतीने. दोघी एकाच डिस्कवर असून एकमेकींना ओळखत नाहीत. कधी विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, म्हणजे आपण बंद केलं तरी ते पुरतं बंद झालेलं नसतं, अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्याच्या पार्टिशनवर लिनक्सला लिहिता येत नाही.

एक गंमत तर फार बोलकी आहे. मदरबोर्डवरचं घड्याळ दोघांत सामाईक असतं. विंडोज धरून चालतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. म्हणून उबंटू वापरून विंडोजमध्ये गेलं, की भारतात घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू शकतं. खोटं कोणीच बोलत नसतं. घड्याळ एकच आहे आणि ते वाचायचं कसं, हे दोघांनी बसून कधी ठरवलेलं नाही.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. जे ‘उठत नाही’, ते जागच्या जागी शाबूत असतं. लिनक्सचा लाईव्ह पेनड्राईव्ह लावून डिस्क उघडली, तर रिपोर्ट, फोटो, अर्धवट राहिलेला कोड, सगळं तिथेच दिसतं. तुटलेली असते ती फक्त तिथपर्यंतची वाट. तरी आपण म्हणतो काय? “उबंटू उडालं.” “विंडोज गेलं.” असणं आणि सुरू होता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपली भाषा त्या एकाच शब्दात बांधून टाकते. आणि एकदा ‘गेलं’ म्हटलं की फॉरमॅट मारणं हे पुसून टाकणं वाटत नाही, नुसती साफसफाई वाटते.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं, त्याला तासाभरात मशीन हवं असतं. निदान करायला अर्धा दिवस लागू शकतो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. फॉरमॅटचा दर ठरलेला, निकाल नक्की. म्हणजे फॉरमॅट हा दुकानाला सगळ्यात स्वस्त पडणारा इलाज आहे आणि मालकाला सगळ्यात महाग. हा हिशेब कोणी मोठ्याने मांडत नाही, एवढंच. इलाज कोणता करायचा हे ज्याचं नुकसान होणार नाही त्याने ठरवायचं, आणि नुकसान ज्याचं त्याने मान डोलवायची, ही रीत दुकानात सुरू होत नाही आणि दुकानात संपतही नाही.

आता दुसरा प्रश्न. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी एक सुरक्षा अपडेट दिलं. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये २०२२ साली एक भगदाड सापडलं होतं. त्यातून एखादा घातक प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीच आत शिरू शकत होता. ते बुजवण्यासाठी अशा जुन्या ग्रबना यापुढे उठू द्यायचं नाही, असा नियम लावला गेला. दोन सिस्टिम असलेल्या मशीनला तो लागू होणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. प्रत्यक्षात अनेक ड्युअल बूट मशीनवर तो लागू झाला. विंडोज नेहमीसारखं चालत राहिलं. लिनक्स निवडलं की मात्र काहीतरी गंभीर बिघडलंय, सुरक्षा धोरणाचा भंग झालाय, अशा अर्थाचा संदेश यायचा आणि मशीन बंद पडायचं. हा नियम डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिला जात होता. त्यामुळे डिस्क पुसूनही उपयोग नव्हता. जुने पेनड्राईव्हसुद्धा उठेनात.

पुढे कंपनीने कारण दिलं, ते विचार करण्यासारखं आहे. मशीनवर दुसरी सिस्टिम आहे का, हे अपडेट आधी तपासत होतं. पण दोन सिस्टिम बसवण्याच्या काही वेगळ्या पद्धती त्या तपासणीला ओळखता आल्या नाहीत. राखणदाराने घरात डोकावून पाहिलं, दुसरं बिऱ्हाड त्याच्या ओळखीच्या पद्धतीने राहत नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी घरात एकच बिऱ्हाड होतं. सप्टेंबरच्या अपडेटपासून हा नियम वगळला गेला. प्रश्न पूर्ण सुटला असं सांगायला मे २०२५ उजाडला.

मोठ्या कंपनीला शिव्या घालून विषय संपवणं सोपं आहे. पण उलट बाजूनेही असंच घडलेलं आहे. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ ही आवृत्ती आली. तोवर ग्रब डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधून आपल्या यादीत आपोआप घालायचा. या आवृत्तीपासून तो शोध मुळातच बंद ठेवला गेला. कारण? सुरक्षा. परक्या पार्टिशनमध्ये डोकावणं धोक्याचं असतं. परिणाम असा की अनेक लिनक्स मशीनवर अपडेटनंतर यादीतून विंडोजचं नाव गळालं. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलून यादी पुन्हा तयार केली की विंडोज परत येतं. पण ही ओळ माहीत नसलेल्या मुलीसाठी विंडोज ‘गेलेलं’च असतं. म्हणजे दारावर मुक्त सॉफ्टवेअरवाला बसला काय किंवा धंदेवाला बसला काय, त्या जागेवर बसलं की मोह एकच होतो : मला ज्याची खात्री नाही, त्याचं नाव यादीत नको.

वऱ्हाडाला हा खेळ ओळखीचा वाटायला हरकत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, तोही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. प्रदेश निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९३६ च्या करारात निजामाचं सार्वभौमत्व कागदावर पुन्हा मान्य झालं, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. यादीत नाव होतं, पण त्या नावावर बोट ठेवून काही सुरू होत नव्हतं. आणि या सगळ्या तह-करारांत एका माणसाची सही कुठेच नव्हती : अकोल्या-अमरावतीच्या शिवारात कपाशी पिकवणाऱ्याची. दोन सत्तांनी आपसात काय ते ठरवलं. जिच्यावर दोघांचा दावा होता, त्या जमिनीवर राहणाऱ्यांना विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही.

तुलना फार ताणायला नको. लॅपटॉप म्हणजे प्रांत नव्हे आणि अपडेट म्हणजे तह नव्हे. तरी एवढं त्यातून घेता येतं की झगडा दोन सत्तांमध्ये दिसत असला, तरी विचारायला हवं असतं तिसऱ्यालाच. मशीन विंडोजचं नाही, लिनक्सचंही नाही. ज्या मुलीच्या बापाने हप्त्याने ते घेतलं, त्या मुलीचं आहे.

यावर एक दमदार आक्षेप आहे. त्या मुलीला ग्रबमधलं भगदाड कळणार आहे का? प्रत्येकाला विचारत बसलं, तर एकही दार वेळेवर बंद होणार नाही. लस टोचताना साथीच्या रोगाचं अख्खं शास्त्र समजावून सांगत नाहीत. आक्षेप खरा आहे. भगदाडही खरं होतं. न विचारता काहीच करायचं नाही, असा नियम केला तर त्याची किंमत सगळ्यात आधी अडाणी वापरणाऱ्यालाच मोजावी लागेल.

पण दार बंद करण्याचा अधिकार आणि गुपचूप बंद करण्याचा अधिकार हे वेगळे आहेत. सोसायटीच्या वॉचमनने अनोळखी माणसाला अडवावं, ते त्याचं कामच आहे. मात्र तुम्ही गावी गेला असताना त्याने तुमच्या खोलीचं कुलूप बदललं, चिठ्ठी ठेवली नाही, नवी किल्ली दिली नाही आणि वर “तुमच्याच भल्यासाठी” असं म्हटलं, तर हेतू चांगला असूनही वागणं चांगलं ठरत नाही. जो दुसऱ्याच्या भल्यासाठी निर्णय घेतो, त्याच्यावर जास्तीचं ओझं येतं. आधी सांगायचं, आणि कळेल अशा भाषेत सांगायचं. जे केलं ते उलटवता येईल असं ठेवायचं. आणि किल्ली मालकाच्या हाती द्यायची. समजण्याची अट मालकावर घालता येत नाही, पण समजावून सांगण्याची अट राखणदारावर नक्की घालता येते.

किल्लीचा मुद्दा किती मोठा आहे, यासाठी रिद्धपूरपर्यंत जाता येईल. अमरावती जिल्ह्यातल्या याच गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांपुढे त्या लिपीचं कोडं उलगडलं, तोवर पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय असून नसल्यासारखं होतं. पोथ्या मठांत शाबूत होत्या, पण बाहेरच्याला त्या उघडत नव्हत्या. तरी या कुलपाला वाईट म्हणता येत नाही. ते ज्यांचं होतं त्यांनीच घातलं होतं, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणून आतलं टिकलं.

आजच्या विंडोज मशीनवर बिटलॉकरसारखं कुलूप कित्येकदा आपण न सांगताच लागलेलं असतं. लिनक्स दुरुस्त करायला म्हणून सिक्युअर बूट बंद केलं, की विंडोज अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण आपलं असं खातं आहे हेच आपण विसरलेलो असतो. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्यावी. लाईव्ह पेनड्राईव्हवरून हवं ते दुसरीकडे कॉपी करावं. मग बूट मेन्यू, मग क्रम, मग ग्रब. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

हा क्रम मला तांत्रिक सल्ल्यापेक्षा थोडा जास्त वाटतो. आधी जे आहे ते वाचवायचं, मग वाट शोधायची, आणि पुसण्याचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो ज्याचं आहे त्याने घ्यायचा. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या तोंडून चार महिन्यांत ‘मले-तुले’ निघेनासं झालं, की आपण म्हणतो, याची वऱ्हाडी गेली. गेली नसते. त्याने सुट्टीत घरी फोन लावला आणि आजीने “काहून रे, जेवला का?” विचारलं, की ती लगेच उठून बसते. तोवर तिचं नाव यादीतून कोणी खोडू नये, एवढंच मागणं आहे.