दोन रुपये आणि एक वाक्य

‘ग्राहकावर बोजा पडणार नाही, वाढ तेल कंपन्या सोसतील.’ सोमवारी, ७ एप्रिल २०२५ रोजी, केंद्र सरकारकडून हे वाक्य आले आणि मंगळवारी सकाळपर्यंत सगळ्यांनी ते मान्य करून टाकले. पंपावरचा आकडा हलला नाही, म्हणून रांगेत कोणाचा आवाज चढला नाही. त्याच दिवशी घरगुती सिलिंडर पन्नास रुपयांनी महागला, उज्ज्वला योजनेतल्या बायकांचासुद्धा. त्यावर घराघरांत बोलणे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांनी वाढलेल्या उत्पादन शुल्काबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला त्या आठवड्यात राग आला तो या वाक्याचा. कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे. ज्याच्या खिशातून पैसे घ्यायचे त्यालाच ‘तुझे काही जात नाही’ असे सांगण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारला नाही.

कंपन्या सोसतील म्हणजे नेमके काय सोसतील, हे कोणी विचारायला तयार नाही. अमेरिकेच्या आयातशुल्काने जगाचे बाजार कोसळले आणि कच्चे तेल २०२१ नंतरच्या सर्वांत खालच्या भावाला आले. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. जागतिक बाजार चढला तर तुम्ही जास्त द्याल, उतरला तर कमी द्याल, हा त्या वेळी आपल्याशी झालेला करार होता. त्या कराराप्रमाणे त्या आठवड्यात नाशिकमधले एकशे चारच्या आसपासचे पेट्रोल खाली यायला हवे होते. ते आले नाही, कारण उतरलेल्या भावाची जागा शुल्काने भरून काढली. कंपन्या जे सोसणार आहेत ते तुमच्या-आमच्या हक्काची सूट आहे.

समजा, तुमच्या वाण्याला साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळू लागली. त्याने तुम्हाला जुन्याच भावाने दिली, वरचे दोन रुपये घरमालकाला वाढीव भाडे म्हणून दिले आणि तुम्हाला सांगितले, ‘भाडे वाढले, पण तुमच्यावर बोजा नाही, मी सोसतो आहे.’ तुम्ही त्याचे आभार मानाल का? इथे तर सोसणाऱ्या तिन्ही कंपन्या सरकारच्याच आहेत. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा २०२३-२४ मधला एकत्रित नफा ऐंशी हजार कोटींच्या पुढे होता. त्या वर्षभरात पंपावरचा भाव फक्त एकदा, दोन रुपयांनी उतरला. तोही मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. २०२४-२५ मध्ये नफा घटला, हे खरे. पण नफा झाला तेव्हा तो आमचा नव्हता आणि आता सोसायची वेळ आली तर ती आमच्याच सवलतीतून, हा हिशेब मला पटत नाही.

हे वाक्य नवीनही नाही. ५ मे २०२० च्या रात्री, अख्खा देश टाळेबंदीत असताना, पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढवले. एका दिवसात शुल्काची इतकी मोठी वाढ तोवर झाली नव्हती. तेव्हाही हेच सांगितले होते की पंपावरच्या भावाला धक्का लागणार नाही. महिनाभर लागला नाही. मग ७ जूनला रोजची भाववाढ पुन्हा सुरू झाली आणि तीन आठवड्यांत दिल्लीत पेट्रोल नऊ रुपयांहून अधिक, डिझेल अकरा रुपयांहून अधिक चढले. २४ जूनला तिथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. कच्चे तेल थोडे सावरले, पण त्याच्या घसरणीचा फायदा शुल्काने आधीच उचलला होता. चढण मात्र पूर्ण आपल्या वाट्याला आली. केंद्राची पेट्रोल-डिझेलवरची उत्पादन शुल्काची वसुली २०१९-२० मध्ये १ लाख ७८ हजार कोटी होती, ती पुढच्या एका वर्षात ३ लाख ३५ हजार कोटी झाली. लोक घरात बसलेले, गाड्या उभ्या, आणि वसुली जवळजवळ दुप्पट. हे पैसे कोणी सोसले?

त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात, शुल्क नऊ वेळा वाढले. पेट्रोलवर एकूण ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. कच्चे तेल शंभर डॉलरवरून तीसच्या खाली घसरले होते. म्हणजे २०१४ ते २०२५ या काळात तीन वेळा तेल कोसळले आणि तिन्ही वेळा सरकारने ती घसरण वाटेतच अडवली. मग ‘बोजा नाही’ हे वाक्य अनवधानाने निघाले असे मी मानणार नाही.

बाकीची कारणे मी ऐकून घेतो. तेल कंपन्यांना पूर्वी दिलेल्या तेलरोख्यांचे कर्ज फेडायचे होते. ती फेड २०२५-२६ या आर्थिक वर्षात संपणार होती. रस्ते बांधायचे आहेत, कंपन्यांचा घरगुती गॅसवरचा तोटा भरायचा आहे. असेल. गॅसचा तोटा खरा असेल तर तो संसदेत मांडा आणि त्यासाठी कर मागा. अर्थसंकल्पी अधिवेशन शुक्रवारी, ४ एप्रिलला संपले. शुल्काची अधिसूचना ७ एप्रिलला निघाली. तीन दिवस आधी सभागृह भरलेले होते.

हा कर कोण भरतो, तेही पाहू. नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सिन्नरहून किंवा ओझरहून दुचाकीवर येणारा कामगार रोज एक लिटर पेट्रोल जाळतो असे धरा. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचे शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झाले. राज्याचा व्हॅट तेव्हा पंचवीस टक्के आणि वर ५ रुपये १२ पैसे होता. दोन्ही मिळून लिटरमागे चाळीस रुपयांच्या वर जात होते, महिन्याचे बाराशेच्या वर. गंगापूर रोडवरच्या मोठ्या गाडीचा मालकही लिटरमागे तेवढेच देतो. २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न प्राप्तिकरातून सुटले, याचा आपल्या मध्यमवर्गाला आनंद झाला. ‘कर आम्हीच भरतो, बाकीचे फुकट खातात’ असे मी कॉलेज रोडवरच्या बैठकांत नेहमी ऐकतो. हे खोटे आहे, आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडी ते शोभत नाही. तो कामगार रोज सकाळी कर भरूनच कामावर येतो. आयटीआय सिग्नलला लाल दिवा असताना इंजिन बंद करणाराही बहुतेक तोच असतो. शेजारच्या मोठ्या गाडीचे इंजिन वातानुकूलनासाठी घरघरत राहते. सिग्नलवर चालू ठेवलेले इंजिन हा माझा जुना राग आहे. पण ज्याला पेट्रोल परवडते त्याने ते उधळावे आणि महागाईवर तावातावाने बोलावे, हे मला अजूनही सहन होत नाही.

आणि आपल्या नाशिक जिल्ह्याने तरी बाजाराच्या नियमांवर भाबडा विश्वास ठेवू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. नंतरही शुल्क राहिले आणि १ एप्रिल २०२५ ला संपले. लासलगावच्या कांदा बाजारात भाव चढला तेव्हा दिल्लीला शहरातला ग्राहक आठवला आणि त्याच्यासाठी शेतकऱ्याचा भाव पाडला. एप्रिल २०२५ मध्ये तेल उतरले, तेव्हा तोच ग्राहक कोणाला आठवला नाही. ट्रॅक्टरचे डिझेल, पिकअपचे भाडे, आडगाव-पिंपळगावपर्यंतची वाहतूक, हे सगळे शेतकरी स्वतः भरतो आणि लिलावात भाव दुसरा ठरवतो. कांदा चढला की हस्तक्षेप, तेल उतरले की हस्तक्षेप. दोन्ही वेळा नुकसान एकाच माणसाचे होते.

राज्य सरकारलाही मी सोडणार नाही. २०१५ च्या दुष्काळात राज्याने इंधनावर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार तसाच राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद करायला लावली, तेव्हा बुडालेला महसूल भरून काढायला राज्याने पेट्रोलवर तीन रुपये वाढवले. दारू बंद झाली म्हणून दूधवाल्याने, शिक्षकाने, परिचारिकेने दंड भरावा, हा कुठला न्याय? सुरगाणा-पेठकडची माणसे सीमा ओलांडून गुजरातेत टाकी भरतात, कारण तिथे पेट्रोल बरेच स्वस्त मिळते. मी त्यांना दोष देत नाही. राज्याची एक अडचण मात्र खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांसोबत वाटून घ्यायचा मूळ शुल्काचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे होता. बाकी सगळे उपकर आणि विशेष शुल्क, ज्यात राज्यांना वाटा नाही. एकेचाळीस टक्क्यांच्या हिशेबाने साऱ्या राज्यांना मिळून लिटरमागे सत्तावन्न पैसे येत होते. ही लबाडी वरून खाली झिरपते आणि शेवटी पंपावर थांबते.

विरोधात असताना सगळ्यांनाच हे कळते. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. जुलै २०२१ मध्ये काँग्रेसच्या मुंबईतल्या मोर्चात पुढाऱ्यांच्या वजनाने बैलगाडी मोडली. सत्ता बदलते तसे बैलगाडीत बसणारे बदलतात आणि शुल्क तिथेच राहते. मला आता या मोर्चांतून काही अपेक्षा उरलेली नाही.

मी मागे वळून पाहतो ते गोखल्यांकडे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. सरकार तेव्हा शिलकीचा अर्थसंकल्प अभिमानाने मांडत होते. देशाने नुकताच दुष्काळ आणि प्लेग भोगला होता. गोखल्यांनी आकड्यांवर आकडे मांडून दाखवले की ही शिल्लक समृद्धीची खूण नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे. मणामागे अडीच रुपयांचा मिठावरचा कर कमी करा, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी तो दोन रुपये झाला, १९०७ पर्यंत एक रुपया. मिठाचा कर वाईट का होता? कारण तो गरिबाला टाळता येत नव्हता आणि श्रीमंताला जाणवत नव्हता. आज पेट्रोल-डिझेल त्याच जागी आहे. गोखल्यांनी घोषणा दिल्या नाहीत, हिशेब मागितला. परक्या सरकारलाही त्या हिशेबापुढे हळूहळू का होईना झुकावे लागले.

आपण हिशेब मागत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघाले नाहीत, तेव्हा नाशिकच्या पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पेट्रोल संपेल म्हटले की आपण धावतो. पेट्रोलातून काय घेतले जाते म्हटले की खांदे उडवतो. पंपावर पावती मागणारी माणसे मला क्वचितच दिसतात. पावती मागितली की मागचा हॉर्न वाजवतो. मी तरीही मागतो, आणि त्या कागदावर फक्त लिटर, दर आणि रक्कम असते. वीजबिलात वहन आकार आणि वीज शुल्क वेगळे छापलेले असते. हॉटेलात दोन इडल्या खाल्ल्या तरी केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी वेगवेगळा दिसतो. यांपैकी जिथे सर्वांत जास्त कर आहे, तिथेच तो कागदावर दिसत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक पंपाच्या पावतीवर मूळ किंमत, केंद्राचे शुल्क, राज्याचा व्हॅट आणि पंपचालकाचे कमिशन असे चार आकडे छापा. मग ‘बोजा नाही’ हे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकायची हिंमत कोणी करणार नाही. जिल्ह्यातले राजाभाऊ वाजे आणि भास्कर भगरे, दोघेही खासदार विरोधी बाकांवर बसतात. पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न त्यांनी विचारावा. राज्यातल्या सत्ताधारी आमदारांनी व्हॅटचा आकडा आपल्या सरकारकडून छापून घ्यावा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी टाकी भरताना पावती मागा, सिग्नलला इंजिन बंद करा, आणि एक पत्र आपल्या खासदाराला पाठवा. कर द्यायला आपण तयार आहोत. तो किती दिला, हे जाणून घेण्याचा आपला हक्क सोडू नका.