खुंटी कोणाच्या उंचीवर?

महाड गावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वीरला जावे लागते. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले आणि मी ती घरातच आणली. एक फळी, रूळ, बोगदा, दोन गाड्या आणि त्या चालवायचे हातातले दोन कंट्रोलर.

हे कंट्रोलर ठेवायचे कुठे? रुळांवर ठेवले तर अपघात, जमिनीवर ठेवले तर पायाखाली. बँकेतल्या पेनासारखे दोरीला बांधावेत, असेही मनात आले. शेवटी भिंतीवर खुंट्या ठोकल्या, सूचना लावली : ‘कोणीही घ्यावा, जागेवर ठेवावा.’

शेजारच्या चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचली, टाचा उंचावल्या आणि विचारले, “काका, ‘कोणीही’ म्हणजे फक्त उंच माणसं का हो?”

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. कागद चोख, पाणी मात्र मिळेना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर आले, पाणी प्याले. लोकांना मार खावा लागला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. माझ्या खेळण्याची त्या पाण्याशी बरोबरी नाही. पण ठराव करून मोकळे व्हायचे अन् खुंटी आपल्याच उंचीवर ठेवायची, ही खोड ओळखीची वाटली.

घरी येऊन खुंट्या खाली ठोकल्या. आता वाकावे लागते ते मला. सौ. म्हणते, “बरं झालं, कधी नव्हे ते वाकलात!”