नव्याचा दहावा दिवस

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपण इतक्या वेळा वापरतो की दहाव्या दिवशी नव्याचे काय होते, हा प्रश्न कोणाला सुचतही नाही. दहावा म्हटल्यावर दिवाळीच्या दिवसांत कोणी दचकू नये. मला नदीकाठचा दहावा अभिप्रेत नाही. नवलाई ओसरल्यावर, टाळ्या थांबल्यावर, ती नवी वस्तू आपल्या घरात, शेतात, शरीरात मुकाट्याने राहावयास येते, तो दिवस मला अभिप्रेत आहे.

किन्हीराजासारख्या गावात पूर्वी नवे कळावयाचे ते नागपूर-औरंगाबाद रस्त्याने, मोटारीतून उतरलेल्या माणसाच्या तोंडून. आता ते प्रत्येकाच्या खिशात येऊन पडते. चहाचा कप रिकामा होईपर्यंत चंद्रावरचे पाणी, पोटातले जंतू, यंत्राने काढलेले चित्र आणि मधुमेहावरचे पान, इतके सारे एका बोटाने सरकून जाते. २३ ऑगस्ट २०२३ या दिवशी चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले तेव्हा टाळ्या वाजविण्यात मी कोणाच्या मागे नव्हतो. परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला लोक निवृत्तीनंतरही सोडीत नाहीत. “गुरुजी, हे खरं हाय का?” एवढेच विचारतात, पण त्या प्रश्नाच्या पाठीमागे पुष्कळदा दुसरा प्रश्न उभा असतो: खरे असेल तर आमचे काय? आणि मग मला माझाच तिसरा प्रश्न पडतो. जे मला कळले आहे, त्याने माझ्यावर काही ओझे येते की नाही?

रस्त्याचेच पाहा. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. पहिले नऊ दिवस लोक तो रस्ता पाहावयास जत्रेसारखे गेले, पुलावर उभे राहून फोटो काढून आले. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर त्याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ एक बस पेटली आणि पंचवीस माणसे गेली. रस्ता वाईट आहे असे मी म्हणत नाही; तातडीच्या रोग्याला त्याने किती तास वाचविले असतील! पण सरळ, गुळगुळीत, वळण नसलेल्या रस्त्यावर मनुष्याचे डोळे मिटतात, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणात नसते.

आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, आणि याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तेथील शिलालेखात तसे लिहिलेले आहे. म्हणून अजिंठा आम्हांला थोडा घरचाच वाटतो. हा अभिमान फुकटचा असतो, त्यामुळे तो बाळगावयास हरकत नाही. तर १९२० च्या सुमारास हैद्राबादच्या निजामाने या चित्रांची निगा राखण्यासाठी इटलीहून जाणकार आणविले. हेतू शुद्ध होता, माणसे कसबी होती, आणि त्या काळचे शास्त्र त्यांच्या पाठीशी होते. रंगांचे पोपडे गळू नयेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेच्या रोगणाचा पातळ थर दिला. चित्रे चमकू लागली. नऊ दिवस! पुढे तेच रोगण पिवळे पडले, काळवंडले, धूळ धरू लागले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हलक्या हाताने उतरविण्यात वर्षे घालवावी लागली. दीड हजार वर्षे टिकलेल्या रंगांना मदतीनेच ग्रासले होते. दोष द्यावा तर कोणाला? मला वाटते, कोणालाच नाही. परंतु एवढे मात्र खरे की रोगण लावण्याचे काम दोन-तीन वर्षांत झाले, आणि त्यावर लक्ष ठेवण्याचे काम पुढच्या पिढ्यांचे होते.

लक्ष ठेवणारे कोणी नसले म्हणजे काय होते, ते शेजारच्या यवतमाळने २०१७ साली पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. फवाऱ्याचा पंप नवा; डब्यावर बारीक अक्षरांत सूचनाही होत्या. नव्हते ते हातमोजे, तोंडावरचा मुखवटा आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारा असे सांगणारा कोणी. कपाशीचे झाड त्या वर्षी डोक्याला लागत होते असे म्हणतात. म्हणजे औषध पिकावर मारावयाचे की स्वतःच्या श्वासावर, हा भेदच उरला नव्हता.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. ती मला फार आवडते, म्हणून थोडी लांबली तरी क्षमा असावी. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित सीमेवरच्या बनगाव येथे लोटले आणि छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. दिलीप महालनबीस नावाच्या तरुण डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणात मिसळून पुड्या बांधविल्या, पिंपात पाणी कालविले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आतड्याच्या आवरणातून साखर आत शिरताना मिठाला बोट धरून नेते आणि मिठामागोमाग पाणी जाते, हे शास्त्र आधीच कळले होते. पण डॉक्टराच्या देखरेखीवाचून ते देता येईल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. छावणीतले मृत्यूचे प्रमाण शंभरी तिसावरून चाराच्या आत आले. तीच आपली जलसंजीवनी. ऑक्टोबर २०२२ मध्ये महालनबीस गेले तेव्हा ही बातमी आमच्या पारावर एकालाही ठाऊक नव्हती; आणि पारावरच्या निम्म्या नातवंडांनी कधी ना कधी ते पाणी प्यालेले होते.

विदर्भातच दुसरी अशी गोष्ट घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना तान्ह्या मुलाची निगा राखावयास शिकविले: वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणेसुद्धा. एकोणचाळीस गावांतल्या या कामाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. यात नवे काय होते? औषध जुनेच, तराजू साधाच. विश्वास नवा होता. थोडेफार शिकलेल्या बाईला हे जमेल, असे कोणीतरी धरून चालले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कारण तो मला गेल्या वर्षी फार जवळून पडला. ओळखीतली एक बाई आली. तिच्या मुलाला सिकलसेलचा आजार. हा रोग विदर्भातल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांना पिढ्यानपिढ्या छळतो आहे. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ सालीच लिहिले होते. रक्तातल्या एका घटकाच्या आराखड्यात एक अक्षर चुकते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत असा ठणका उठतो की मोठा माणूसही हंबरडा फोडील. बाई म्हणाली, “गुरुजी, बाहेरदेशात याच्यावर इलाज निंघाला म्हंतात. मोबाईलवर दाखोलं. मायं पोट्टं बरं होईन का?”

इलाज निघाला आहे हे खरे. जनुकाला कात्री लावण्याच्या ज्या युक्तीबद्दल २०२० साली दोन स्त्री-शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, तिच्यावर आधारलेल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका या देशांनी संमती दिली. रोग्याच्याच मज्जेतल्या पेशी काढून, दुरुस्त करून परत घालावयाच्या. अमेरिकेतील किंमत तेव्हा बावीस लाख डॉलर होती. तेव्हाच्या रुपयांत अठरा कोटींच्या घरात.

माझे एक स्नेही, औषधांच्या दुकानात आयुष्य घालविलेले, मला म्हणाले, “नका सांगू. आशा रोगाहून वाईट. अठरा कोटी ऐकून ती माउली रात्री झोपेल का?” हा युक्तिवाद हलका नाही. परंतु मला तो पटला नाही. ऐकायचे ते तिने आधीच ऐकले होते. मी गप्प बसलो असतो तर ती त्या बातमीबरोबर एकटी राहिली असती. आणि अशा एकट्या माणसाच्या दारात जडीबुटीवाला फार लवकर पोचतो. शिवाय तिच्या मुलाविषयीचे सत्य मी तिच्यापासून दडवावे, हा अधिकार मला कोणी दिला? मास्तरकीने तर नव्हेच.

मात्र दूरचे सत्य आधी सांगून जवळचे विसरणे हेही एक प्रकारचे क्रौर्यच होय. म्हणून मी तिला पहिल्यांदा हायड्रॉक्सियुरियाविषयी सांगितले. हे औषध अठरा कोटींचे नाही, काही रुपयांचे आहे. जन्माआधी बाळाच्या रक्तात जो घटक असतो तो ते पुन्हा वाढविते आणि ठणक्याचे झटके कमी करते. मौज अशी की ती कोट्यवधींची कात्रीसुद्धा याच घटकाला जागा करते. रोग त्याने मुळातून जात नाही, रक्त वारंवार तपासावे लागते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घ्यावयाचे नाही. तिला ते नावही ठाऊक नव्हते! जगातली सर्वांत महाग बातमी तिच्या हातात पोचली होती आणि स्वस्त बातमी वाटेत कोठेतरी राहिली होती.

त्यानंतर मी दूरचेही सांगितले, किमतीसकट. स्नेह्यांना मी एवढेच म्हटले की अशक्य किमती नेहमी अशक्य राहत नाहीत. एड्सवरच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक पडत असत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. मागणाऱ्यांनी वर्षानुवर्षे आरडाओरडा केला म्हणून तो दिवस आला. आणि ज्याला इलाज आहे हेच ठाऊक नाही, तो काय मागणार? दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेत सिकलसेलवर देशी उपचार घडविण्याचे काम चाललेले आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत हा रोग हटविण्याचे ठरविले आहे. ते वर्ष येईल तेव्हा मी नसेन, पण तो मुलगा असावा. बाई शांतपणे ऐकत होती. उठताना तिने विचारले, “मंग ते काई रुपयाचं कुठी भेटते?” जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावयास तिच्याबरोबर मी गेलो, आणि अजून अधूनमधून जातो.

कलेच्या प्रांतातले नवे याहून सौम्य वाटते. तेथे कोणी मरत नाही. परंतु तेथे मेलेला बोलू लागतो. यंत्र आता कोणाचाही आवाज उचलते. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला; आवाज हे त्या व्यक्तीच्या ओळखीचे अंग आहे, ही गोष्ट कायद्याने मानली. जिवंत माणूस निदान न्यायालयात जाऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका घरातले आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. कार्तिकातल्या काकड्याला त्यांचा आवाज गावाला जागा करीत असे. नातू पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्याजवळ आजोबांच्या जुन्या ध्वनिफिती आहेत, आणि या दिवाळीत आजोबांच्या आवाजात सगळ्यांना शुभेच्छा ऐकवाव्यात, त्यांनी कधी न म्हटलेला एखादा अभंगही गाववावा, असा त्याचा बेत आहे. त्याने मला विचारले, “गुरुजी, यात वाईट काय?”

मी म्हणालो, जे त्यांनी गायिले ते हजार वेळा लाव. जे गायिले नाही ते त्यांच्या तोंडी घालावयाचे तर कोणाची तरी संमती हवी. ते तर आता ती देऊ शकत नाहीत. पोराने थोडा वेळ विचार केला आणि तो म्हणाला, “आजीला विचारू?” वसुबारसेला तो येतो आहे, तेव्हा विचारणार आहे.